एमजीबी मोटारीतील विजेचे दोष कसे शोधावेत

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात बाहेर पडलेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारची संख्या पाच लाखांहून अधिक भरते. तिचे सुटे भाग ब्रिटनमध्ये मुबलक मिळतात, त्यामुळे जुन्या गाडीची हौस प्रथमच करणारे अनेक जण आजही हीच गाडी निवडतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ती अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचे १७९८ सीसीचे इंजिन ज्या बी-सीरिज घराण्यातले आहे, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबॅसेडरला अनेक वर्षे होते. गाडी घेतल्यावर ब्रेक, क्लच किंवा कार्ब्युरेटर यांच्या कामाची धास्ती लवकर ओसरते, कारण तिथे काय बिघडले आहे ते डोळ्यांना दिसते. वीज मात्र दिसत नाही. मग नवखा मालक अंदाजाने भाग बदलत सुटतो. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर, मग स्टार्टर असे पैसे जात राहतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

या गाडीची बहुतेक सर्व विद्युत सामग्री बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची आहे आणि इंग्रज मोटारप्रेमी लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवतात. माझ्या मते हा आरोप अन्यायाचा आहे. पन्नास-साठ वर्षे दमट हवेत आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठात वावरलेल्या गाडीत भाग सहसा शाबूत असतात आणि त्यांना जोडणारे सांधे खराब झालेले असतात. गंजलेले अर्थिंग (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारा जोड), सैल कनेक्टर, फ्यूजच्या काळवंडलेल्या क्लिपा आणि मधल्या एखाद्या मालकाने घाईत जोडलेली वायर, या चार गोष्टींत बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते. म्हणून पुढील सर्व पद्धतीचा आधार एकच आहे: विजेच्या मार्गावर टप्प्याटप्प्याने मोजमाप केल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

गाडीची ध्रुवता आणि बॅटरी सोडवण्याची रीत

सर्वप्रथम आपल्या गाडीचे वर्ष निश्चित करावे आणि त्याच वर्षाचा वायरिंगचा नकाशा मिळवावा, कारण एमजीबीच्या वायरिंगमध्ये अठरा वर्षांत अनेकदा बदल झाले आहेत. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा बदल १९६७च्या अखेरीचा आहे. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरी चार्ज करण्यासाठी डायनॅमो होता आणि बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्यानंतरच्या गाड्यांत त्याच कामासाठी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक बॉडीला जोडले गेले. मात्र अनेक जुन्या गाड्या नंतर ऋण अर्थिंगवर बदलून घेतलेल्या असतात, म्हणून केवळ वर्षावर विसंबू नये. बॅटरीच्या कोणत्या टोकाची केबल बॉडीला बोल्टने आवळली आहे, ते प्रत्यक्ष पाहावे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी उलटी जोडली गेल्यास त्यातील डायोड तत्काळ जळतात, आणि रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनही वाचत नाही. धन अर्थिंगच्या गाडीत मल्टीमीटरचा काळा प्रोब बॉडीवर ठेवल्यास आकडा उणे चिन्हासह दिसेल. तो दोष नव्हे.

बॅटरी आसनांच्या मागे, जमिनीतील झाकणाखाली असते. १९७४ पर्यंत तिथे प्रत्येकी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत, पुढे १२ व्होल्टची एकच बॅटरी आली. ती सोडवताना नेहमी अर्थिंगची केबल आधी काढावी आणि जोडताना तीच शेवटी लावावी. असे केल्यास दुसरी केबल सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. जागा अरुंद आहे, पेट्रोलचा पंपही जवळच आहे, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, हे लक्षात घेता अंगठी आणि घड्याळ काढून ठेवण्याचा आग्रह अतिरेकी म्हणता येणार नाही. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये.

हत्यारे थोडी लागतात: साधा डिजिटल मल्टीमीटर, दोन टोकांना मगरचिमटे लावलेल्या काही लांब वायरी, पितळी ब्रश, बारीक सँडपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि टेस्ट लॅम्प. हा टेस्ट लॅम्प एलईडीचा नसावा. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब होल्डरमध्ये बसवून दोन वायरी काढल्या की उत्तम काम होते. यामागचे कारण नवख्याने नीट समजून घेतले पाहिजे. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून एकच तार शिल्लक असलेल्या तुटक्या वायरीच्या टोकालाही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपली फसगत होते. बल्ब मात्र जवळपास पावणेदोन अँपिअर करंट मागतो आणि सांधा कच्चा असेल तर मंद जळून ते लगेच उघड करतो. वीज आहे का, हे बल्ब सांगतो. ती कुठे किती गळते, हे मीटर सांगतो. दोन्ही लागतात.

वायरींचे रंग

ब्रिटिश गाड्यांतील वायरींच्या रंगांना ठरलेला अर्थ आहे आणि तो एकदा पाठ झाला की नकाशाकडे पाहण्याची वेळ कमी येते. तपकिरी वायरीत बॅटरीची वीज सतत, फ्यूजशिवाय असते. जांभळ्या वायरीत तीच वीज फ्यूजमधून आलेली असते, म्हणून हॉर्न त्यावर चालतो. पांढऱ्या वायरीत चावी फिरवल्यावर वीज येते, तीही फ्यूजशिवाय; इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप तिच्यावर आहेत. हिरव्या वायरीत चावीनंतरची, फ्यूजमधून आलेली वीज असते आणि ब्रेक लाइट, इंडिकेटर, मीटर हे सर्व तिच्यावर अवलंबून असतात. लाल म्हणजे साइड लाइट आणि टेल लाइट, निळा म्हणजे हेडलाइट, काळा म्हणजे अर्थिंग. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असेल तर ती त्या वीजमार्गाची पुढची शाखा दाखवते: हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा, हिरव्यावर जांभळी म्हणजे ब्रेक लाइट, पांढऱ्यावर लाल म्हणजे स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे, म्हणजे स्टार्टरला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचकडे, जाणारी वायर.

यातून एक गंभीर गोष्टही कळते. तपकिरी आणि पांढऱ्या वायरींना फ्यूजचे संरक्षण नाही, म्हणून त्यांपैकी एखादी घासून बॉडीला टेकली तर ती वितळेपर्यंत तापते. जुन्या गाडीत आग लागण्याचा मोठा धोका इथेच आहे. डॅशबोर्डच्या मागे आणि इंजिनच्या भागात या दोन रंगांच्या वायरी जिथे पत्र्याच्या भोकातून जातात, तिथली रबरी ग्रोमेट शाबूत आहेत का हे पहिल्याच आठवड्यात पाहावे, आणि शक्य असल्यास बॅटरीला मास्टर स्विच बसवून घ्यावा.

आधी बॅटरी, मग अर्थिंग

तक्रार कोणतीही असो, तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, आणि १२च्या आसपास आकडा आल्यास पुढचे कोणतेही मापन करण्याआधी ती चार्ज करावी. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येक वेगळी मोजावी. दोघींचा विश्रांतीतील आकडा सारखाच असतो आणि सेल्फ मारताना एकच कोसळते, असे पुष्कळदा घडते; जी कोसळते तीच बिघडलेली.

त्यानंतर अर्थिंग. इथे मी नवख्या वाचकाला सर्वाधिक वेळ घालवायला सांगेन, कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या अनेक तक्रारी इथेच मिटतात. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत यायचे असते आणि परतीचा तो रस्ता गाडीच्या बॉडीतून जातो. इंजिन मात्र रबरी माउंटवर बसलेले असल्यामुळे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे असते. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी तुटली किंवा इंजिन उतरवल्यानंतर परत लावायची राहून गेली, तर स्टार्टरचा प्रचंड करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल तापत असेल किंवा तिच्यातून धूर येत असेल, तर लगेच थांबावे आणि ही पट्टी शोधावी.

अर्थिंग मोजताना मल्टीमीटरवर ओहम लावण्याचा मोह टाळावा. दहा-पंधरा तारा शिल्लक असलेली जाड केबलही ओहमवर शून्यच दाखवते. त्याऐवजी करंट वाहत असताना व्होल्टेज किती घटते ते मोजावे. कॉइलची पांढरी वायर काढून तिचे टोक टेपने झाकावे, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या अर्थिंगच्या शिशाच्या टोकावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरावा, आणि मदतनिसाला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगावे. टोकावर म्हणजे प्रत्यक्ष टोकावर. त्यावरच्या क्लॅम्पवर धरल्यास सर्वांत संशयास्पद सांधाच मापनातून सुटतो. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. तो जास्त आल्यास मार्गाचे तुकडे पाडावेत: टोक ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या तुकड्यावर आकडा उसळेल, तोच सांधा उघडून धातू चमकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. हीच चाचणी दुसऱ्या बाजूने, बॅटरीच्या उरलेल्या टोकापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत करावी. ती लांब केबल गाडीच्या पोटाखालून जाते आणि तिच्या टोकांना पाणी लागत राहते.

मागच्या आणि पुढच्या दिव्यांचे अर्थिंग तपासण्यासाठी मीटरचीही गरज नाही. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट मंद होत असतील, किंवा इंडिकेटरच्या ठेक्यावर शेजारचा दुसराच दिवा लुकलुकत असेल, तर त्या दिव्याचे अर्थिंग गेले आहे आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधत आहे, असे निश्चित समजावे. मगरचिमट्याची वायर दिव्याच्या धातूच्या घरापासून स्वच्छ बॉडीपर्यंत लावावी. तक्रार तत्क्षणी थांबली तर निदान पक्के झाले.

बुलेट कनेक्टर आणि फ्यूज

वायरींचे हार्नेस जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे पितळी गोळीच्या आकाराची टोके एका नळीत दोन्ही बाजूंनी खुपसलेली असतात. पुढच्या जाळीमागे हेडलाइटजवळ आणि डिकीत त्यांचे झुबके आढळतात. रबरी आवरणाखाली ही नळी हिरवट पडते आणि तडकते. मी त्या साफ करत बसण्यापेक्षा नळ्या सरळ नव्या घालाव्यात असे सांगेन, कारण त्यांची किंमत नगण्य आहे. टोके मात्र ब्रशने चमकवून पुन्हा वापरता येतात. एका वेळी एकच सांधा उघडावा. जुन्या वायरींचे रंग इतके विटलेले असतात की सहा टोके एकदम सोडवली तर हिरव्यावरची लाल रेघ कोणती आणि पांढरी कोणती हे सांगणे कठीण होते.

सुरुवातीच्या गाड्यांत फ्यूज दोनच होते, पुढे ते चार झाले. फ्यूज डोळ्यांनी पाहून चांगला ठरवू नये. त्याच्या दोन्ही क्लिपांवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा आणि हिरव्या वायरीच्या फ्यूजसाठी चावी फिरवलेली असावी. दोन्हीकडे सारखा उजेड पडला तर फ्यूज आणि क्लिपा ठीक आहेत. एकीकडे मंद पडला तर फ्यूज काढून क्लिपा घासाव्यात आणि दाबून घट्ट कराव्यात. बदली फ्यूज घेताना एक धोका लक्षात ठेवावा. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ अँपिअर हा तो वितळण्याचा आकडा आहे आणि त्याची सतत पेलण्याची क्षमता १७ अँपिअर आहे, तर इतर अनेक उत्पादकांच्या फ्यूजवर सतत पेलण्याचाच आकडा छापलेला असतो. तसा ३५चा फ्यूज बसवल्यास संकटाच्या वेळी त्याच्या आधी वायर जळेल. फ्यूजवरील आकड्याची पद्धत कोणती आहे हे दुकानात विचारूनच तो घ्यावा.

एक उदाहरण: इंडिकेटर बंद

आता ही पद्धत एका तक्रारीवर चालवून पाहू. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद आहेत. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर दोष दोघींच्या सामायिक मार्गात असणार, म्हणून बल्ब तपासण्यात वेळ घालवू नये. ब्रेक लाइट त्याच हिरव्या वायरीवर आहेत. ते लागत असतील तर फ्यूजपर्यंतचा मार्ग निर्दोष ठरतो. उत्तरार्धाच्या गाड्यांत इंडिकेटरची वीज धोक्याच्या दिव्यांच्या हॅझर्ड स्विचमधून पुढे जाते आणि वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे त्या स्विचचे संपर्कबिंदू काळे पडतात. म्हणून तो स्विच आधी वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करावा. अनेक गाड्यांत तेवढ्यानेच इंडिकेटर जिवंत होतात. नाही झाले तर फ्लॅशरच्या, म्हणजे दिव्यांची उघडझाप करणाऱ्या छोट्या भागाच्या, दोन टोकांवर टेस्ट लॅम्प लावावा. येणाऱ्या वायरीवर वीज आहे आणि जाणाऱ्या वायरीवर नाही, असे असेल तर फ्लॅशर काढून त्याच्या दोन वायरी तात्पुरत्या जोडाव्यात. दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर गेला आहे. न पेटल्यास दोष पुढे, स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये आहे.

एकाच बाजूची तक्रार असेल, किंवा दिवे पेटून लुकलुकत नसतील, तर मात्र बल्ब, होल्डर आणि अर्थिंग यांकडे वळावे. जुना फ्लॅशर करंटने तापून उघडझाप करतो. गंजलेल्या होल्डरमुळे करंट कमी वाहिला की त्याचा ठेका बिघडतो आणि निर्दोष फ्लॅशर फेकून दिला जातो.

इतर नेहमीच्या तक्रारी

गाडी सुरू होत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझण्याइतके मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे क्लॅम्प पाहावेत. दिवे प्रखरच राहिले तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून सोलेनॉइडवरील पांढऱ्या-लाल वायरीवर टेस्ट लॅम्प लावावा. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी चावी फिरवून मागून पेट्रोलच्या एसयू पंपाची टकटक ऐकावी. ती अजिबात नसेल तर पंपाची पांढरी वायर आणि काळे अर्थिंग तपासावे. दोन्ही ठीक असून पंपाला हलकेच टिचकी मारल्यावर तो चालू होत असेल, तर आतील पॉइंट जळाले आहेत. टकटक थांबतच नसेल तर टाकीत पेट्रोल नाही किंवा ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे.

पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणाऱ्या संपर्कबिंदूंच्या) इग्निशनमध्ये कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकावर मीटर लावून इंजिन हाताने फिरवावे. पॉइंट उघडे असताना बॅटरीइतके व्होल्ट आणि बंद असताना जवळजवळ शून्य दिसायला हवेत. बंद असतानाही काही व्होल्ट उरत असतील तर पॉइंट मळलेले आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थिंगची वायर आवरणाच्या आत तुटली आहे. पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे.

चार्जिंग तपासताना इंजिनचा वेग थोडा वाढवून बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. अल्टरनेटरच्या गाडीत डॅशबोर्डवरचा लाल दिवा केवळ सूचनेपुरता नसतो. त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, म्हणून चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल तर आधी तो बल्ब बदलावा. डायनॅमोची गाडी घेणाऱ्याने हे गृहीत धरावे की सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि मंद वेगात जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला थांबल्यावर दिवे पिवळट होणे हा त्याचा स्वभाव आहे. त्याची चाचणी सोपी आहे. डी आणि एफ या टोकांच्या दोन्ही वायरी काढून ती टोके एकमेकांना जोडावीत, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावावा आणि इंजिनचा वेग अगदी हळू वाढवावा. व्होल्टेज सलग वर चढले तर डायनॅमो ठीक आणि दोष त्याचे व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरकडे. आकडा २०च्या पुढे जाऊ देऊ नये.

पेट्रोल आणि तापमान या दोन्ही विद्युत मीटरचे काटे एकाच वेळी चुकीचे दाखवू लागले तर डॅशबोर्डमागील व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याचे अर्थिंग पाहावे. हा छोटा भाग सतत उघडझाप करून मीटरना सरासरी १० व्होल्ट देतो. एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसवलेला मोजणारा भाग) किंवा वायर संशयित आहे.

हेडलाइट मंद असतील तर अर्थिंग साफ केल्यानंतर रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच, बसवण्याचा विचार जरूर करावा. मूळ रचनेत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पातळ वायरींतून जातो. फ्यूजसह दोन रिले घातल्यास तो भार हलका होतो, उजेड स्पष्ट वाढतो आणि जुना स्विच टिकतो. चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये २०१८ पासून एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का पाहणारी वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही, त्यामुळे असे सर्व दिवे पाहण्याची जबाबदारी आता संपूर्णपणे मालकाची आहे.

वायर बदलावी लागली तर त्याच रंगाची आणि तेवढ्याच किंवा अधिक जाडीची घ्यावी. कोणतेही काम संपल्यावर बॅटरीची अर्थिंगची केबल थेट लावू नये. सर्व स्विच बंद, दारे बंद ठेवून केबलचा क्लॅम्प आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये तोच २१ वॅटचा बल्ब धरावा. तो प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बमुळे वायर वाचली आहे. मंद पेटला तर एखादी वस्तू गुपचूप बॅटरी खात आहे. अशा वेळी एकेक फ्यूज काढून पाहावा, आणि सर्व फ्यूज काढूनही बल्ब जळत राहिला तर अल्टरनेटरची वायर सोडवावी, कारण त्याचा फुटलेला डायोड उभ्या गाडीतही करंट गळू देतो. बल्ब पूर्ण विझल्यानंतर केबल टोकावर बसवून नट आवळावा.